चुनखडीच्या रानातील वनस्पती

(बुटीबोरी व आसपासच्या प्राथमिक शाळांसाठी पाठ-टिपण. इयत्ता ४ थी ते ७ वी. सामान्य विज्ञान व परिसर अभ्यास)

१. विषयाचे प्रयोजन

१९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी जुलै महिन्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात. मुले उत्साहाने खड्डे खणतात, पाणी घालतात, कुंपण करतात. तथापि पुढील उन्हाळ्यापर्यंत पुष्कळ रोपे प्रथम पिवळी पडतात व मग वाळतात. दोष पाण्याला, गुरांना किंवा मुलांच्या हयगयीला दिला जातो. तो काही वेळा खराही असतो. परंतु नागपूरच्या दक्षिणेकडील या पट्ट्यात आणखी एक कारण पुष्कळदा नजरेआड राहते. ते म्हणजे जमिनीतील चुना.

या भागातील शेतकऱ्यास हे नवे नाही. नागपूर प्रांतातील जुन्या जमाबंदीत जमिनीचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे प्रकार केलेले आढळतात. त्यांतील मोरंड म्हणजे चुनखडीचे बारीक गोटे मिसळलेली काळी जमीन. ज्या जमिनीला शेतकऱ्याने नाव देऊन ठेवले आहे, तिची ओळख त्याच्या मुलांना शाळेत होऊ नये, हे योग्य नव्हे. चुनखडीच्या जमिनीवर कोणती झाडे आपोआप वाढतात, कोणती पिवळी पडतात आणि असे का घडते, हे मुलांनी स्वतः पाहून समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा पाठ योजिला आहे.

२. पाठाचा हेतू व साहित्य

पाठ संपल्यावर विद्यार्थ्यांस पुढील गोष्टी करता याव्यात: (अ) मातीत चुना आहे किंवा नाही हे साध्या प्रयोगाने ओळखणे, (आ) चुनखडी कशी तयार होते हे सांगणे, (इ) चुना सोसणारी निदान दहा झाडे पाने, साल व काटे यांवरून ओळखणे, (ई) शाळेच्या जागेस योग्य असे रोप कारण देऊन निवडणे.

साहित्य: तीन-चार ठिकाणची माती, चुनखडीचे गोटे, गोगलगाईचा रिकामा शंख, अंड्याचे कवच, खाण्याचा चुना, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, काचेची स्वच्छ बाटली व पेला, पपईच्या देठाची नळी, चुलीतील राख, जुने फडके, थोडी हिराकस व रंगाचा कुंचला. यांतील बहुतेक वस्तू मुलांनीच आणाव्यात.

पाठास तीन तासिका व एक क्षेत्रभेट लागेल. क्षेत्रभेट पावसाळा संपल्यावर, कार्तिक ते माघ या काळात ठेवावी.

३. पूर्वज्ञान व प्रस्तावना

शिक्षकाने प्रथम मुलांस ठाऊक असलेल्या गोष्टी विचाराव्यात. पानाला कोणता चुना लावतात? पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर का बसतो? शेतात नांगर चालताना वर येणारे पांढरट, खडबडीत गोटे कोणते? संत्र्याच्या बागेत काही झाडे हिरवीगार व काही पिवळी का दिसतात? या प्रश्नांची पूर्ण उत्तरे लगेच मिळणार नाहीत. ती मिळण्याची आवश्यकताही नाही. मुलांची उत्तरे फळ्याच्या एका बाजूस लिहून ठेवावीत आणि पाठाच्या शेवटी ती पुन्हा तपासावीत.

४. विषय-विवेचन

(अ) चुना आला कोठून?

बुटीबोरीच्या परिसरातील काळी जमीन ज्या काळ्या खडकापासून बनली आहे तो बेसाल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीस भेगा पडून शिलारस बाहेर आला व थरावर थर साचत गेला. या खडकातील खनिजांत कॅल्शियम बरेच असते. ऊन, पाऊस व हवा यांच्या योगाने खडक झिजतो आणि कॅल्शियम मोकळे होते.

पावसाचे पाणी हवेतून व विशेषेकरून मातीतील मुळांच्या श्वसनातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेते व किंचित आम्ल बनते. अशा पाण्यात चुना विरघळतो. पाऊस भरपूर असला तर हा चुना वाहून नदीस मिळतो. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर हेच घडते. म्हणून तेथील तांबड्या मातीत चुना फारसा उरत नाही. नागपूरकडे वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. पुढे आठ महिने कोरडे, त्यांत वैशाखाचे ऊन प्रखर. पाणी खाली उतरते, पण चुना पुरता धुऊन नेण्याआधीच उडून जाते. पाणी गेले की विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होतो. मुळांच्या पोकळीभोवती, मातीच्या भेगांत तो कणाकणाने साचतो आणि हजारो वर्षांत त्याचे गोटे बनतात. हीच शेतातील चुनखडी.

या भागात चुन्याचा दुसराही एक साठा आहे. बेसाल्टच्या खाली व त्याच्या थरांच्या मधे जुन्या तळ्यांचे, नद्यांचे व दलदलीचे गाळ दबलेले आहेत. खालच्या गाळास जबलपूरजवळील नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून लमेटा थर असे नाव पडले. त्यात चुनखडकही आहे. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील नांद आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील लमेटा थरांत डायनोसॉरांची हाडे सापडली आहेत. नागपुरातील टाकळी येथे बेसाल्टच्या दोन थरांमधील गाळात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे दगड झालेले शंख मिळाले. ज्या तळ्यात त्या गोगलगाई होत्या, त्या तळ्यावर पुढे शिलारस पसरला. शंखाचे कवच चुन्याचे असते, हे मुलांना प्रयोगाने दाखविता येते.

या खडकांचा पहिला पद्धतशीर अभ्यास स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या स्कॉटिश पाद्र्यांनी १८५० च्या दशकात केला. हिस्लॉप नागपुरात शाळा चालवीत असत. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूपी चुन्याच्या एका हिरव्या प्रकारास ‘हिस्लॉपाइट’ असे नाव देण्यात आले.

(आ) चुन्यामुळे झाडास काय होते?

येथे मुलांचा एक गैरसमज आधीच दूर करावा. चुना हे विष नव्हे. कॅल्शियम प्रत्येक वनस्पतीस हवेच असते. चुनखडीच्या जमिनीतील खरी अडचण निराळी आहे. अशा जमिनीत लोह असते, परंतु ते न विरघळणाऱ्या रूपात बांधलेले राहते. कोठारात धान्य असावे आणि कुलपाची किल्ली नसावी, तशी झाडाची स्थिती होते. हरितद्रव्य तयार होण्यास लोह लागते. लोह न मिळाल्यास नवी पाने पिवळी निघतात. जस्त व स्फुरद यांचीही चुनखडीच्या जमिनीत अशीच अडवणूक होते.

शेतकरी या पिवळेपणास ‘केवडा पडला’ असे म्हणतात. हा केवडा ओळखण्याची खूण शिक्षकाने नीट दाखवावी. लोहाच्या अभावी कोवळी, शेंड्याकडची पाने प्रथम पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते. नत्राच्या अभावी याच्या उलट, खालची जुनी पाने आधी व सरसकट पिवळी पडतात. ही एक खूण मुलांना पटली तर घरच्या शेतात ती उपयोगी पडेल; कारण पिवळे पान दिसताच युरिया टाकणारे पुष्कळ आहेत आणि लोहाच्या अभावावर युरियाचा उपाय चालत नाही.

नागपूर जिल्ह्यास या गोष्टीचे महत्त्व फार आहे. संत्र्याचे झाड चुनखडीच्या जमिनीत लवकर पिवळे पडते. ज्या जमिनीत मोकळा चुना शेकडा दहापेक्षा अधिक आहे तेथे संत्र्याची बाग लावू नये, असा सल्ला दिला जातो. जमीन चिबड असेल, पाणी साचत असेल, तर त्रास आणखी वाढतो. कलमासाठी कोणता खुंट वापरला यावरही पुष्कळ अवलंबून असते. रंगपूर लिंबाचा खुंट जंबेरीच्या खुंटापेक्षा चुना अधिक सोसतो. बाग लावल्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी जमिनीचा दोष कळणे म्हणजे कुटुंबाची तितक्या वर्षांची मेहनत व पैसा जाणे होय. लागवडीपूर्वी माती तपासण्याची सवय शाळेत लागली, तर तिचा लाभ घराला होतो.

(इ) चुना सोसणारी झाडे

काही वनस्पती चुन्याच्या जमिनीतही हिरव्यागार राहतात. त्या लोह कसे मिळवितात? काहींची मुळे आपल्याभोवती आम्ल सोडतात व तेवढ्या जागेपुरता चुन्याचा प्रभाव कमी करतात. काहींच्या मुळांवर बुरशीचे सूक्ष्म तंतू वाढतात आणि ते दूरवरून अन्नद्रव्ये आणून देतात. गवताच्या कुळातील वनस्पती मुळांतून एक खास द्रव्य सोडतात. ते लोहास बांधून मुळापर्यंत आणते. जपानमधील संशोधकांनी १९७० च्या दशकात हा शोध लावला. गहू व बार्ली यांत ही शक्ती विशेष आहे, ज्वारी व भात यांत कमी.

बुटीबोरीच्या आसपास गायरानात, नाल्याच्या काठी व टेकडीच्या उतारावर जी झाडे दिसतात त्यांची पाहणी पुढील क्रमाने करावी.

काळ्या व चुनखडीच्या सपाट जमिनीवर बाभूळ, हिवर, पळस, बोर, निंब व हिंगणबेट ही झाडे मुख्यतः आढळतात. हिवराची साल पांढुरकी असल्याने तो बाभळीपासून लगेच वेगळा ओळखता येतो. पळसाला पाने तीनच, ही म्हण मुलांना ठाऊक असते. ती तीन पाने वास्तविक एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका होत, हे या निमित्ताने दाखवावे. निंबाचे मूळ कठीण थरांतूनही वाट काढते. म्हणून उथळ, खडकाळ व चुनखडीच्या जागीही तो तग धरतो. झुडपांत तरवड, रुई व रानबोर दिसतात. तरवडाची पिवळी फुले दसऱ्याच्या सुमारास मुलांस सहज मिळतात. गवतांत खोल काळ्या जमिनीवर मारवेल आणि मुरमाड उतारावर कुसळ असा भेद बहुधा आढळतो. पायजम्यास टोचणाऱ्या कुसळावरूनही जमिनीचा प्रकार सांगता येतो, याचे मुलांस कौतुक वाटेल.

या यादीकडे पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. बाभूळ, हिवर, पळस, खैर, तरवड ही सर्व शेंगा धरणारी झाडे आहेत. दुसरी गोष्ट अशी की, काटे असलेली झाडे पुष्कळ आहेत. पहिली गोष्ट जमिनीशी निगडित आहे, कारण यांतील पुष्कळांच्या मुळांवर हवेतील नत्र बांधणाऱ्या गाठी असतात. (तरवड यास अपवाद आहे.) दुसरी गोष्ट चराईशी निगडित आहे, कारण गुरांनी जे खाल्ले नाही तेच वाढले. रानाचे रूप एकट्या चुन्याने ठरत नाही, हे मुलांस येथेच सांगावे.

टेकडीवरच्या रानात साग, येन, धावडा, सालई, तेंदू, मोवई, भेरा ही झाडे लागतात. यांत साग व येन यांचा चुन्याशी विशेष संबंध आहे. सागास कॅल्शियम भरपूर लागते. चुनखडक झिजून त्याची खोल माती बनली असेल तर साग जोमाने वाढतो. पण खडक उघडा व माती उथळ असेल तर खुरटतो. मध्य भारतात साग व सालवृक्ष यांनी जणू प्रदेश वाटून घेतले आहेत. बेसाल्टच्या, चुना असलेल्या जमिनीवर साग. पूर्वेकडील वालुकाश्माच्या व आम्ल जमिनीवर सालवृक्ष. अर्थात यात पाऊस व हवामान यांचाही भाग आहे. महाराष्ट्रात सालवृक्ष पूर्वेच्या टोकालाच थोडासा आढळतो, त्यापुढे छत्तीसगडात त्याची विस्तीर्ण वने आहेत.

येन म्हणजे ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. हे झाड जमिनीतील चुना शोषून सालीत साठविते. सालीच्या राखेत चुना इतका असतो की, पूर्वी वनवासी लोक ती राख पानाच्या विड्यात चुन्याऐवजी वापरीत. त्याचाच भाऊबंद अर्जुन. त्याच्याही सालीत चुना विपुल असतो. चुना साठविण्याची आणखी एक तऱ्हा मुलांच्या घशाला ठाऊक आहे. अळू व सुरण यांच्या पेशींत कॅल्शियमच्या एका क्षाराचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच टोचून घसा खवखवतो.

(ई) अन्य प्रदेशांतील चुनखडकाची वने

खऱ्या चुनखडकावरील वन पाहावयाचे तर विदर्भातच चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना व गडचांदूर या भागांकडे पाहावे. तेथील पैनगंगा चुनखडक शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. त्याच्यावर साग, येन, धावडा व बांबू यांचे पानझडीचे रान आहे. चुनखडकाच्या भेगांतून पाणी झरझर खाली जाते. म्हणून पाऊस पडूनही जमिनीवर ओलावा टिकत नाही आणि भेगेत जेथे माती साचली असेल तेथेच झाड जोर धरते. हाच खडक सिमेंटचा कच्चा माल असल्याने गडचांदूर व आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. खडक काढण्यापूर्वी त्यावरील माती व झाडे काढावी लागतात. घर बांधण्यास सिमेंट हवे आणि रानही हवे, हा पेच मुलांपुढे प्रामाणिकपणे मांडावा. त्याचे उत्तर शिक्षकाने त्यांच्या तोंडी घालू नये.

छत्तीसगडातील बस्तरमध्ये कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये स्थापन झाले. तेथे चुनखडकात कोटुमसरसारख्या गुहा आहेत आणि वर दाट वन आहे. तेथे सागाबरोबर सालवृक्षही आढळतो. यावरून एक महत्त्वाचा धडा मिळतो. खालचा खडक चुन्याचा असला तरी पाऊस भरपूर असल्यास वरच्या मातीतील चुना धुऊन जातो. तेव्हा खडकाच्या नावावर न जाता माती तपासावी.

इंग्लंडमध्ये चुनखडकावरील वनांत ॲश व यू ही झाडे वाढतात. ऱ्होडोडेंड्रॉनसारखी झुडपे मात्र त्या जमिनीत जगत नाहीत. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ पहिल्यांस चुनाप्रिय व दुसऱ्यांस चुनाद्वेषी अशा अर्थाच्या नावांनी ओळखतात. चहाचे झुडूप हे चुनाद्वेषी वनस्पतीचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. आसामच्या आम्ल मातीत फोफावणारा चहा मोरंड जमिनीत लावला तर टिकणार नाही.

५. प्रयोग

पहिला प्रयोग: मातीची परीक्षा. शेतातील, गायरानातील, नाल्याकाठची व शाळेच्या आवारातील माती वेगवेगळ्या पानांवर ठेवावी. प्रत्येकीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फेस आला तर चुना आहे असे समजावे. कान जवळ नेल्यास बारीक चुरचुर ऐकू येते. हीच परीक्षा चुनखडीची पूड, शंख व अंड्याचे कवच यांवर करावी. लिंबाचा रस वापरल्यास परिणाम सावकाश दिसतो. मुलांनी ‘फेस नाही’, ‘थोडा’, ‘पुष्कळ’ अशी नोंद करावी.

दुसरा प्रयोग: चुनखडी कशी बनते? खाण्याचा चुना चिमूटभर बाटलीभर पाण्यात रात्री मिसळून ठेवावा. सकाळी वरचे नितळ पाणी ओतून घ्यावे व त्यात तितकेच साधे पाणी मिसळावे. नळीने त्यात फुंकर घालावी. प्रथम पाणी दुधासारखे गढूळ होते, कारण श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे न विरघळणारा चुना तयार होतो. फुंकर बराच वेळ चालू ठेवल्यास गढूळपणा कमी होत जातो, कारण अधिक वायू मिळाल्यावर तो चुना पुन्हा विरघळतो. पुढे हे पाणी शिक्षकाने स्वतः उकळून दाखवावे. गढूळपणा परत येतो. पावसाळ्यात जमिनीतील चुना विरघळतो आणि उन्हाळ्यात तो पुन्हा साचतो, तीच क्रिया येथे पेल्यात दिसते. मुलांनी नळीतून पाणी ओढू नये व चुन्याचे शिंतोडे डोळ्यांत जाऊ नयेत याकडे लक्ष द्यावे.

तिसरा प्रयोग: राखेतील चुना. लाकडाची राख फडक्यात घेऊन पाण्याने चार-पाच वेळा धुवावी. पाण्याबरोबर पोटॅशचे क्षार निघून जातात. राहिलेल्या राखेवर व्हिनेगर टाकावे. तरीही फेस येतो तो चुन्याचा. येनाच्या वाळक्या सालीची राख मिळाल्यास तिची तुलना इतर लाकडांच्या राखेशी करावी.

चौथा प्रयोग: पिवळ्या पानावर हिराकस. जाळीदार पिवळेपणा आलेले झाड निवडावे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून ते ताजे द्रावण कुंचल्याने पानाच्या अर्ध्या भागास लावावे. दुसऱ्या अर्ध्या भागास नुसते पाणी लावावे. लावण्याची वेळ सकाळची असावी. आठ-दहा दिवस पान पाहावे. द्रावण लावलेला भाग हिरवा होऊ लागला तर झाडास लोहाचीच उणीव होती असे ठरते. फ्रान्समधील युझेब ग्री यांनी १८४० च्या दशकात याच रीतीने लोह व हरितपणा यांचा संबंध दाखविला. पान हिरवे झाले नाही तर तेही वहीत लिहावे. प्रयोगात आलेले उत्तर लिहावयाचे, पुस्तकातले नव्हे, ही शिस्त मुलांना येथे लागावी.

६. क्षेत्रभेट

गावाजवळील नाल्याची उघडी दरड हे या पाठाचे उत्तम पाठ्यपुस्तक होय. वरची काळी माती किती हात खोल आहे, चुनखडीचे गोटे कोठून सुरू होतात, मुरूम कोठे लागतो, हे काठीने मोजून मुलांनी वहीत आकृती काढावी. त्या दरडीवर वाढलेल्या झाडांची मुळे कोणत्या थरापर्यंत गेली आहेत तेही पाहावे.

गावात चुन्यात बांधलेली जुनी विहीर असल्यास तिच्या भिंतीकडे दुरूनच पाहावे. ओलसर चुन्याच्या सांध्यांत काळ्या, चकचकीत देठाचा व नाजूक पानांचा हंसराज वाढलेला दिसेल. हे नेचे जगभर ओल्या चुनखडकावर वाढते. मैदानी गावात त्याला असा खडक मिळत नाही म्हणून ते विहिरीच्या चुन्यात घर करते. ज्या विहिरीस काँक्रीटचे नवे कडे बसविले, तेथे हंसराज आहे की नाहीसा झाला, याचीही नोंद करावी.

दोन धोके शिक्षकाने सांगून ठेवावेत. टेकडीवरच्या रानात गरारीचे झाड असते. त्याचा पाला अत्यंत विषारी आहे. अनोळखी पाला तोंडात घालू नये. दुसरा धोका पाण्याचा. बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळे आहेत. ज्या हिस्लॉप यांचा उल्लेख वर आला, ते ४ सप्टेंबर १८६३ रोजी ती वर्तुळे पाहून बोरीकडे परतत असताना वाटेतील पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू पावले. अठरा वर्षे हा मुलूख पायाखाली घातलेल्या माणसासही पूर आलेला नाला ओळखता आला नाही. पावसाळ्यात मुलांना घेऊन नाला ओलांडू नये, हा नियम कधीही मोडू नये.

७. झुडपी जंगल

पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सरकारी कागदपत्रांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. माती उथळ, मुरमाड, कोठे कोठे चुनखडीची, शेतीस अयोग्य. म्हणून पुष्कळ काळ त्या निरुपयोगी मानल्या गेल्या आणि त्यांवर घरे, रस्ते, शाळा, कचेऱ्याही झाल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन समजाव्यात असा निर्णय दिला.

न्यायालयाने काय ठरविले ते मोठ्यांनी पाहावे. मुलांनी एवढेच शिकावे की, खुरटे रान म्हणजे पडीक जागा नव्हे. चुना, उथळ माती, ऊन व चराई सोसून जी झाडे तेथे उभी आहेत, त्यांच्यावर गावाची शेळी, सरपण, बोरे, पत्रावळीची पाने व डिंक अवलंबून असतो. तशा जमिनीवर काय जगते हे त्यांनी शेकडो वर्षे आधीच दाखवून ठेवले आहे. बुटीबोरी आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. जागेची मागणी येथे सतत वाढत आहे. अशा ठिकाणी उरलेल्या रानाची यादी गावातील शाळेच्या दप्तरी असणे विशेष अगत्याचे आहे.

८. शाळेतील लागवड

माती तपासूनच रोप निवडावे. फेस पुष्कळ येत असेल तर निंब, चिंच, करंज, बोर, बाभूळ, हिवर, पळस व सीताफळ यांस प्राधान्य द्यावे. संत्रा, मोसंबी व लिंबू यांचा हट्ट धरू नये. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. तळाशी चुनखडीचा कठीण थर लागल्यास तो पहारीने फोडावा. नाहीतर मूळ तेथेच अडते व पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबते. निघालेले गोटे परत खड्ड्यात न टाकता वरची माती व कुजलेले शेणखत भरावे. पालापाचोळा जाळू नये, तो रोपाभोवती पसरावा. कुजताना तो आम्ल देतो व बांधलेले लोह थोडे मोकळे करतो.

किती रोपे लावली यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली, हा आकडा शाळेच्या फलकावर लिहावा.

९. संकलन (फलकलेखन)

काळा खडक झिजतो. चुना मोकळा होतो. पावसात चुना विरघळतो, उन्हात साचतो. चुन्यामुळे लोह अडते; कोवळे पान पिवळे पडते, शिरा हिरव्या राहतात. काही झाडांस लोह सोडविण्याची युक्ती अवगत असते. माती पाहून झाड लावावे.

१०. स्वाध्याय

१) कोकणातील मातीत चुनखडीचे गोटे का आढळत नाहीत?
२) लोहाच्या व नत्राच्या अभावाने येणारा पिवळेपणा कसा ओळखावा? दोन्हींची आकृती काढा.
३) खालचा खडक चुनखडकाचा असूनही वरची माती आम्ल कशी असू शकेल?
४) तुमच्या शेतातील तीन जागांची माती तपासा व तेथील झाडांची यादी करा. दोन्हींत काही मेळ दिसतो काय?
५) घरातील वडीलधाऱ्यांस विचारा: गावाच्या कोणत्या भागात पूर्वी रान होते? त्यात कोणती झाडे होती? आज त्यांतील कोणती शिल्लक आहेत?

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने एका स्वतंत्र वहीत एकत्र करावीत आणि दरवर्षी नव्या वर्गाकडून तीत भर घालून घ्यावी. शाळेत शिक्षक येतील व जातील. ही वही मात्र शाळेच्या दप्तरात कायम राहावी.